सक्तीची लस आणि शाळा : सामोआचा अनुभव

दक्षिण प्रशांत महासागरात सामोआ नावाचे एक छोटे स्वतंत्र राष्ट्र आहे. उपोलू व सवाई ही त्याची दोन प्रमुख बेटे आणि आपिया ही राजधानी. देशाची एकूण लोकसंख्या सुमारे दोन लक्ष, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या लहान तालुक्याएवढी. २०१९ च्या अखेरीस गोवराच्या साथीने या देशात ८३ जणांचा बळी घेतला. मृतांमध्ये पाच वर्षांखालील बालकांचीच संख्या फार मोठी होती. वीस लक्ष लोकवस्तीच्या जिल्ह्यास हेच प्रमाण लावले, तर मृतांचा आकडा आठशेच्या वर जातो.

गोवरावरील लस जगात १९६३ पासून उपलब्ध आहे. ती स्वस्त आहे, परिणामकारक आहे आणि सामोआच्या शासकीय रुग्णालयांतूनही ती दिली जात होती. असे असता एवढी बालके दगावली कशी, आणि त्यानंतर त्या देशाला लस सक्तीची का करावी लागली, हे प्रश्न केवळ सामोआपुरते मर्यादित नाहीत. शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलास लस बंधनकारक करावी काय, तसे केल्यास लाभ किती व धोका किती, याचा विचार करणाऱ्या प्रत्येक शासनाला, शिक्षकाला व लोकप्रतिनिधीला या घटनाक्रमापासून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

एका चुकीची किंमत

६ जुलै २०१८ रोजी सवाई बेटावरील एका रुग्णालयात सुमारे एक वर्षाच्या दोन बालकांना गोवर, गालगुंड व रुबेला यांची संयुक्त लस टोचण्यात आली. टोचल्यानंतर लगेचच दोन्ही बालके मरण पावली.

ही लस कुपीमध्ये कोरड्या पुडीच्या स्वरूपात येते. टोचण्यापूर्वी ती तिच्यासोबत पुरविलेल्या विशिष्ट पाण्यात, म्हणजे विद्रावकात, विरघळवावी लागते. सवाई येथे त्या पाण्याऐवजी शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी वापरावयाचे, मुदत संपलेले औषध मिसळले गेले होते. लसीत दोष नव्हता. दोष ती तयार करणाऱ्या हातांचा होता. पुढे दोन परिचारिकांनी न्यायालयात अपराध मान्य केला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांना पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

मधल्या काळात मात्र फार मोठी हानी होऊन गेली होती. चौकशी चालू असता शासनाने या लसीचा कार्यक्रमच थांबविला आणि तो सुमारे दहा महिने बंद राहिला. लसीने मुले मेली, एवढीच वार्ता गावोगाव पोहोचली. ती का मेली, याचा खुलासा त्या मानाने फार उशिरा आला. कार्यक्रम पुन्हा सुरू झाला तरी पालक मुलांना घेऊन येईनात. सामोआतील लसीकरणाचे प्रमाण पूर्वीही समाधानकारक नव्हतेच. २०१८ मध्ये ते आणखी घसरले व पहिली मात्रा मिळालेल्या बालकांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आले.

साथ आणि सक्ती

२०१९ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात गोवराची मोठी साथ चालू होती. सामोआ व न्यूझीलंड यांच्यात लोकांची ये-जा सतत असते. त्या मार्गाने रोग सामोआत पोहोचला आणि १६ ऑक्टोबर रोजी शासनाने साथ जाहीर केली. १५ नोव्हेंबरला आणीबाणी घोषित झाली, शाळा बंद करण्यात आल्या व मुलांना सार्वजनिक मेळाव्यांस येण्यास मनाई झाली. त्यानंतर लसीकरण कायद्याने बंधनकारक करण्यात आले. ५ व ६ डिसेंबर रोजी सर्व शासकीय कामकाज थांबवून कर्मचाऱ्यांची पथके घरोघरी पाठविण्यात आली. ज्या घरात लस न घेतलेली व्यक्ती असेल त्या घराने दारासमोर लाल कापड लावावे, असा आदेश होता. लसीविरुद्ध प्रचार करणाऱ्या एका व्यक्तीस अटकही झाली. डिसेंबरअखेर लसीकरणाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले व साथ ओसरली. तोपर्यंत ५,७०० हून अधिक लोकांना लागण झाली होती. दर सत्तर रुग्णांमागे सुमारे एक मृत्यू, असे हे प्रमाण पडते. त्याच महिन्यात तेथील संसदेने शाळाप्रवेशासाठी लसीकरण आवश्यक ठरविणारी कायदेदुरुस्ती केली.

शेजारच्या टोंगा या देशाचे उदाहरण येथे मुद्दाम पाहावयास हवे. न्यूझीलंडहून परतलेल्या रग्बी खेळाडूंच्या एका तुकडीबरोबर त्याच सुमारास गोवर तेथेही आला. सहाशेहून अधिक लोकांना लागण झाली. परंतु एकही मृत्यू झाला नाही. टोंगामध्ये लसीकरणाचे प्रमाण पूर्वीपासूनच उच्च होते. रोग तोच, काळ तोच, परंतु परिणाम किती भिन्न!

तराजूची दोन पारडी

लाभ व धोका यांचा निवाडा करावयाचा तर दोन्ही पारड्यांत प्रत्यक्ष काय आहे ते सांगितले पाहिजे.

गोवर हा किरकोळ आजार असल्याचा समज आपल्याकडे अजूनही आढळतो. अंगावर पुरळ उठले की दैवी कोप मानून औषधोपचार टाळण्याची रीतही पुष्कळ ठिकाणी होती. वस्तुतः गोवर हा मनुष्याला ठाऊक असलेल्या अत्यंत संसर्गजन्य रोगांपैकी एक आहे. रुग्ण निघून गेल्यानंतरही खोलीतील हवेत त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत राहू शकतात. पुरळ दिसण्यापूर्वी चार दिवसांपासूनच मूल रोग पसरवू लागते, म्हणजे शिक्षकाच्या किंवा पालकाच्या ध्यानात येण्याआधीच वर्गात लागण झालेली असते. न्यूमोनिया, अतिसार, कानाचे विकार हे त्याचे नेहमीचे उपद्रव होत. जीवनसत्त्व ‘अ’ची कमतरता असलेल्या मुलांना त्यातून अंधत्व येऊ शकते. सुमारे एक हजार रुग्णांमागे एकास मेंदूचा दाह होतो. चांगली वैद्यकीय सोय असलेल्या देशांतही हजारामागे एक ते तीन रुग्ण दगावतात. कुपोषित बालकांमध्ये हे प्रमाण कितीतरी अधिक असते. शिवाय इतर रोगांविरुद्ध शरीराने पूर्वी कमावलेली प्रतिकारशक्तीही गोवरामुळे क्षीण होते.

आता दुसरे पारडे. लस टोचल्यानंतर काही मुलांना आठवडा-दीड आठवड्याने ताप येतो, काहींच्या अंगावर फिकट पुरळ उठते. हे एक-दोन दिवसांत शमते. लहान बालकांमध्ये सुमारे तीन ते चार हजारांत एकास तापामुळे झटका येतो. तो पाहताना भीतिदायक वाटला तरी सहसा कायमची इजा करीत नाही. तीस ते चाळीस हजारांत एकाच्या रक्तातील बिंबाणू तात्पुरते घटतात. तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया ही खरी तातडीची बाब होय. ती दहा लक्ष मात्रांमागे मोजक्याच वेळा घडते व टोचल्यानंतर बहुधा काही मिनिटांतच दिसून येते. जवळ प्रशिक्षित कर्मचारी व ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन असेल तर मूल वाचविता येते. ज्या मुलांची रोगप्रतिकारशक्ती गंभीर आजाराने किंवा उपचारांमुळे फार खालावलेली आहे, अथवा ज्यांना पूर्वी या लसीची तीव्र ॲलर्जी झाली आहे, त्यांना ही लस देऊ नये.

या लसीमुळे स्वमग्नता जडते, असा प्रवाद १९९८ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, अवघ्या बारा मुलांवरील लेखातून पसरला. तो लेख २०१० मध्ये त्या नियतकालिकाने मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लक्षांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही.

पारडे कोणीकडे झुकते हे यावरून स्पष्ट होते. तथापि एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. रोग दिसेनासा झाला की त्याचे भय ओसरते आणि लसीमुळे आलेला ताप तेवढा डोळ्यांपुढे राहतो. ज्या पिढीने गोवराने दगावलेले मूल पाहिले नाही, तिला लसीचा लहान धोकाही मोठा वाटतो. हा अडाणीपणा नव्हे; तो मनुष्यस्वभाव आहे. त्याला उत्तर द्यावयाचे ते दटावणीने नव्हे, तर आकडे समजावून सांगून.

फळ्यावरील गणित

एका शाळेत एक हजार मुले आहेत, असे समजू. त्यांपैकी ९५० मुलांना लसीच्या दोन्ही मात्रा मिळाल्या आहेत व ५० मुलांना एकही नाही. दोन मात्रांनंतर सुमारे ९७ टक्के मुलांना संरक्षण लाभते. म्हणजे लस घेतलेल्या ९५० पैकी सुमारे २८ मुले असुरक्षित राहतात. त्यांत लस न घेतलेली ५० मिळविली की एकूण ७८ मुले रोगास बळी पडू शकतात. समजा, त्या सर्वांना गोवर झाला. तर गावात चर्चा होईल की, “आजारी मुलांपैकी एक तृतीयांश मुलांनी तर लस घेतली होती, मग लसीचा उपयोग काय?” परंतु लस घेतलेल्यांत शंभरातील तीन आजारी पडली आणि न घेतलेल्यांत शंभरातील शंभर, हे त्या चर्चेत कोणी सांगत नाही.

याच गणिताचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. गोवराचा एक रुग्ण असुरक्षित समूहात सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. साथ पसरू नये यासाठी समूहातील सुमारे ९२ ते ९४ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. वरील शाळेत ९२ टक्के मुले सुरक्षित आहेत. म्हणजे ९५ टक्के मुलांना लस देऊनही ती शाळा जेमतेम उंबरठ्यावर आहे. लस घेतलेल्या मुलांची संख्या ८५० वर आली, तर असुरक्षित मुले ७८ वरून सुमारे १७५ वर जातात आणि साथीला मोकळी वाट मिळते. नऊ महिन्यांखालील बालके व ज्यांना लस देताच येत नाही अशी आजारी मुले यांचे रक्षण इतरांच्या लसीवरच अवलंबून असते. लस घेणे ही केवळ एका कुटुंबाची खाजगी बाब राहत नाही, ती येथे.

सक्तीने काय साधते?

सक्तीचा विचार आपल्याकडे नवा नाही. मुंबई शहरात देवीची लस बंधनकारक करणारा कायदा १८७७ मध्ये झाला होता. अमेरिकेतील सर्व राज्यांनी १९८० पर्यंत शाळाप्रवेशासाठी लसीकरणाचे नियम केले आणि तेथे गोवर आटोक्यात येण्यास त्यांचे मोठे साहाय्य झाले. परंतु त्या देशाने १९८६ मध्ये कायदा करून लसीमुळे खरोखर इजा झालेल्या मुलांना नुकसानभरपाई देण्याची व्यवस्थाही केली. समाजाच्या हितासाठी ज्याने धोका पत्करला, त्याची हानी झाल्यास समाजाने ती वाटून घ्यावी, हे त्यामागील तत्त्व होय. सक्ती व भरपाई ही दोन्ही एकाच न्यायाची अंगे आहेत.

सक्तीला मर्यादाही आहेत. सामोआत सक्तीने मुले लसीकरणास आली हे खरे. पण साथ गावात शिरल्यावर, मृत्यूचे भय दाराशी असताना ती आली. सक्तीने चुकीचे विद्रावक ओळखले जात नाही, शीतसाखळी सांभाळली जात नाही व गेलेला विश्वास परत येत नाही. दक्षिण सुदानमध्ये २०१७ साली गोवर लसीकरणाच्या मोहिमेत १५ बालके मरण पावली. लस थंड ठेवली गेली नव्हती व एकच सिरिंज वारंवार वापरली गेली होती. आपल्या राज्यातही जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या डोसाऐवजी बारा बालकांना हात निर्जंतुक करण्याचे द्रव पाजले गेले. सुदैवाने ती बालके बचावली. अशा घटना दुर्मिळ असतात. परंतु एक घटना हजारो पालकांना मागे हटविण्यास पुरेशी ठरते. लसीचा मोठा धोका कुपीत नसून कुपीपासून मुलाच्या दंडापर्यंतच्या वाटेवर असतो, असेच म्हणावे लागेल.

आपल्याकडील स्थिती

भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान विनामूल्य दिली जाते. २०१७ पासून नऊ महिने ते पंधरा वर्षे या वयोगटातील सुमारे ४१ कोटी मुलांसाठी देशव्यापी मोहीम हाती घेण्यात आली. महाराष्ट्रात ती २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली आणि तिचा मोठा भाग शाळांतूनच पार पडला.

याच मोहिमेच्या संदर्भात पालकांच्या संमतीचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. जानेवारी २०१९ च्या निर्णयात न्यायालयाने मोहीम रद्द केली नाही. परंतु पालकांची संमती अनावश्यक मानता येणार नाही, असे स्पष्ट केले. लसीचे लाभ व संभाव्य दुष्परिणाम जाहिरातीद्वारे कळवावेत, वर्गशिक्षकांमार्फत संमतिपत्रे पाठवावीत, पत्र परत न आल्यास पालकांशी संपर्क साधावा आणि ज्यांनी नकार दिला त्यांच्या मुलांना लस देऊ नये, असे त्याचे स्वरूप होते. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कोविड लसीच्या प्रकरणात, कोणाही व्यक्तीस बळाने लस टोचता येणार नाही, असा निर्वाळा दिला. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी व प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा शासनाचा अधिकार मान्य केला आणि दुष्परिणामांची माहिती लोकांना उपलब्ध करावी, असेही बजावले.

महाराष्ट्रापुढील अडचण सामोआहून काहीशी निराळी आहे. येथे लस न मिळालेली सर्वच मुले नकार देणाऱ्या पालकांची नसतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडून उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या कुटुंबांची, वीटभट्ट्यांवरील व बांधकामांवरील मजुरांची, दूरच्या पाड्यांवरील मुले लसीकरणाच्या दिवशी यादीत असतात, पण गावात नसतात. शाळेचे दार लसीच्या दाखल्याशिवाय उघडू नये, असा नियम केला, तर त्याचा पहिला फटका याच मुलांना बसेल. लस तर मिळाली नाहीच, शाळाही गेली, अशी त्यांची अवस्था होईल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास दिलेल्या हक्काशीही हे विसंगत ठरेल. म्हणून दाखल्याची तपासणी जरूर व्हावी. परंतु ती मुलास परत पाठविण्यासाठी नव्हे, तर त्याला लसीपर्यंत नेण्यासाठी.

शाळा व पंचायत यांचे कार्य

या दृष्टीने स्थानिक पातळीवर काही गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. पहिलीत प्रवेश देताना मुलाचे लसीकरण कार्ड पाहून, राहिलेल्या मात्रांची यादी मुख्याध्यापकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रास द्यावी. या यादीचे तीन भाग पाडावेत : जी मुले स्थलांतरामुळे वा अंतरामुळे राहिली ती, जी आजारपणामुळे थांबली ती, आणि ज्यांच्या पालकांनी नकार दिला ती. तिन्हींवरील उपाय वेगळे आहेत. पहिल्या गटाला सत्राची सोयीची वेळ व जागा हवी, दुसऱ्याला वैद्यकीय सल्ला हवा आणि तिसऱ्याला संवाद हवा. साधी सर्दी किंवा कुपोषण हे लस टाळण्याचे कारण नव्हे, हे आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविका यांनी आवर्जून सांगावे.

शाळेत सत्र असेल तेव्हा मुले उपाशी नसावीत. टोचण्याची जागा रांगेतील मुलांच्या नजरेआड असावी. एक मूल घेरी येऊन पडले की पाहणारी इतरही पडतात, हा अनेक देशांतील अनुभव आहे. कुपी विरघळविल्याची वेळ तिच्यावर लिहिली आहे काय, चार तासांनंतर ती टाकून दिली जाते काय, विद्रावक त्याच लसीसोबत आलेले आहे काय, लसीच्या शीतपेटीत दुसरे कोणतेही औषध नाही ना, प्रत्येक मुलासाठी नवी सिरिंज आहे काय, एवढे पाच प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीचा कोणताही सदस्य विचारू शकतो. त्यात परिचारिकेवर अविश्वास नाही. उलट तिच्या कामास तो आधार आहे. टोचल्यानंतर प्रत्येक मूल अर्धा तास नजरेखाली बसवावे आणि ताप येण्याची शक्यता पालकांना आधीच सांगून ठेवावी. जे आधी सांगितले जाते त्याला लोक लक्षण म्हणतात. जे नंतर सांगितले जाते त्याला सबब.

आणि दुर्दैवाने एखादी गंभीर घटना घडलीच, तर ती त्याच दिवशी वरिष्ठांना कळवून, जेवढे निश्चित ठाऊक आहे तेवढे ग्रामसभेत उघडपणे सांगावे. चौकशीचा निष्कर्ष निघाल्यावर तोही त्याच सभेत सांगावा. दोषी कुपी व दोषी पद्धत थांबवावी. संपूर्ण कार्यक्रम अनिश्चित काळ बंद ठेवणे हा उपाय किती महाग पडतो, हे सामोआने पाहिले आहे.

शासनाने एखादी लस बंधनकारक करावी की नाही, हा निर्णय रोगाचे स्वरूप, लसीची सुरक्षितता व त्या काळची परिस्थिती पाहून घ्यावयाचा असतो. मात्र ज्या शासनाने सक्ती करावयाची, त्याने आधी निर्दोष हाताळणीची हमी, संपूर्ण माहिती आणि इजा झालेल्यास आधार या तीन गोष्टींचे ऋण फेडलेले असले पाहिजे. हे ऋण फेडले जाते तेथे बहुतेक पालक स्वतःहूनच मुलास घेऊन येतात. सामोआतील पथकांनी डिसेंबरच्या त्या दोन दिवसांत घराघरांचे उंबरे गाठले. ते उंबरे वर्षभरापूर्वीही तेथेच होते.